संपतरावांनी लावलेली खूण

संपतरावांच्या घरात मेंढरं मोजत नाहीत. मोजलं की घटतं, असं त्यांचे आजोबा म्हणायचे, आणि आजोबांचं म्हणणं खोटं पाडणारं त्या घरात अजून कुणी जन्माला आलेलं नाही. संध्याकाळी कळप वाघुरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, शिरू लागला की संपतराव तोंडाशी उभे राहतात आणि नावं घेतात. भुरी आली, कानबोडी आली, लंगडीचं पोरगं आलं, काळतोंडी कुठं मेली... आली, आली. नावं संपली की कळप पुरा झाला. पाहुण्याला त्यांची सगळी मेंढरं एकसारखी दिसतात. संपतरावांना पाहुणे एकसारखे दिसतात. डोंगरकडा गावाच्या शिवेवर पत्र्याच्या घरात राहणारा हा माणूस अंगानं काटक, आवाजानं दांडगा आणि जिभेनं सैल. पहिल्या दोन गोष्टींनी त्यांना आयुष्यभर तारलं, तिसरीनं कसं बुडवलं तेवढंच इथं सांगायचं आहे.

त्यांची लेक रागिणी पुण्यात पीएचडी करते. विषय कृष्णविवरं. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा संपतरावांना वाटलं होतं, पोरगी देवाधर्माच्या नादी लागली. मग दर रविवारी दुपारी तिचा फोन येऊ लागला, आणि मेंढरं बाभळीखाली रवंथ करत असताना बापलेकीची शाळा भरू लागली. इतरांच्या लेकी बापाला सासरची नाहीतर दुखण्याखुपण्याची खबर देतात, रागिणी आभाळातली द्यायची. काही नवं सुचलं की आईच्या आधी, मैत्रिणींच्या आधी बापाला सांगायची, त्याला कळो न कळो. या एका गोष्टीची संपतरावांना जेवढी ऐट होती तेवढी साऱ्या कळपाचीही नव्हती.

"आबा, एखादा लई मोठा तारा जळून संपला की आपल्याच वजनानं आत कोसळतो," ती सांगायची. "मग त्यातून उजेडबी भायेर येत न्हाई. भायेरून बघितलं तर दोन-तीनच गोष्टी कळतेत. वजन किती, गरगर फिरतंय किती. आत लोखंड गेलं का लाकूड गेलं, काही पत्ता लागत न्हाई."

"आमच्या तहसीलसारखं हाय की. अर्ज आत गेला की गेला."

"हसू नका. आत किती तऱ्हेच्या मांडण्या दडून बसल्यात याचा अंदाज काढता येतो. आन् गंमत अशी की तो आकडा पोटाच्या मापानं वाढत न्हाई. वरच्या कातडीच्या मापानं वाढतो."

संपतरावांनी पागोटं मागं सरकवून विचार केला. "म्हंजे वाघुरीत किती मावलं ते आतल्या जागेवर न्हाई, जाळीच्या लांबीवर?"

"बराबर! आन् असं काहून, हे आजून कुणालाच पुरतं उमगलं न्हाई, आबा."

बाप खुलला की लेकीला जोर यायचा. जगातल्या बारीक कणांच्या दोन जाती असतात, हे तिनं असंच एका रविवारी सांगितलं. एक जात मेंढरांसारखी, एकाच जागी कितीही दाटीनं बसणारी. दुसरी एडक्यांसारखी, आपल्या जागेवर दुसऱ्याला उभं राहू न देणारी. पण एका बाबतीत दोन्ही जाती सारख्या. आपल्या जातीतले दोन कण इतके हुबेहूब असतात की त्यांची अदलाबदल केली तर ती नवी मांडणी धरायचीच नाही.

"आन् कृष्णविवरं कोणत्या जातीची?"

"तोच तर माझा प्रश्न हाय. सारख्या वजनाची, सारखी फिरणारी दोन कृष्णविवरं भायेरून हुबेहूब दिसतेत. त्यांची अदलाबदल केली तर जुनीच मांडणी राहिली म्हणायचं, का निराळी झाली?"

"निराळी झाली," संपतराव क्षणही न दवडता म्हणाले. "चांदी मेंढीचं कोकरू भुरीच्या पुढ्यात टाकलं तर भुरी लाथ मारती. आपल्याला सारखं दिसून काय उपेग?"

रागिणीनं ते वहीत टिपून घेतलं. मग म्हणाली, "काही शहाणी माणसं असंच म्हणतेत. की कृष्णविवरं तिसऱ्याच जातीची, ज्याची त्याची ओळख निराळी. मला ते कातडीच्या बारक्या तुकड्यांवरून सिद्ध करायचं हाय."

आणि मागच्या वर्षी तिनं ते केलं. तिचा निबंध इंटरनेटवर आला, तिचं आणि तिच्या मार्गदर्शक रीता मॅडमचं, दोघींचं नाव घालून. लेकीनं ही खबर पहिली बापाला दिली, आणि बापानं दुसऱ्या दिवशी उजाडताच वारंगा फाट्यावर हरिचंदच्या हॉटेलात दिली.

हरिचंदचं हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी आणि साऱ्या पंचक्रोशीचं तोंड. नांदेडची गाडी, हिंगोलीची गाडी, हळदीचे ट्रक, सगळे तिथं थांबतात, आणि तिथं सांगितलेली गोष्ट चहा निवायच्या आत कुरुंद्याला पोचते. एका स्थानिक पेपरात बातमी आली. बातमीदारानं कृष्णविवराचा फोटो म्हणून ग्रहणाचा फोटो छापला, पण नाव बरोबर होतं. हरिचंदनं पदरचा खर्च करून हॉटेलाच्या माथ्यावर फ्लेक्स लावला. मधोमध रागिणी, मागं काळ्या आभाळात लाल भोवरा, आणि खाली ठसठशीत अक्षरं, 'ब्रह्मांडाचे कोडे सोडवणारी आपल्या मातीची कन्या.' कोपऱ्यात पागोटं घातलेले संपतराव होते आणि त्यांच्याहून मोठा हरिचंद होता.

त्या दिवसापासून संपतरावांना फाट्यावर चहाचे पैसे पडले नाहीत. उभ्या जन्मात ज्यांनी रामराम घेतला नव्हता ते बागाईतदार बाकड्यावर सरकून जागा देऊ लागले. ज्यांच्या रानात मेंढरं बसवायची म्हणजे आधी चार बोलणी खायची, ते बांधावरून "या की संपतराव" म्हणू लागले. अंगावर मूठभर मांस चढलं. आता सांगा, अशा माणसाला खाली उतरायचं म्हणजे किती अवघड!

पुढं महिन्या-दोन महिन्यांनी रागिणीचा फोन आला, तो रविवारचा नव्हता.

"आबा, निबंध मागं घेतला."

"कुणी मागं घेतला?"

"म्याच. चूक निघाली."

संपतराव कळपाच्या मधोमध उभे होते. त्यांना वाटलं, फोन नीट ऐकू येत नाही. ते बांधावर चढले. तिथं तर आणखीच स्वच्छ ऐकू आलं.

"कातरणी झाल्यावर आपण मेंढरांना गेरूचा पट्टा लावतो ना, आबा? म्या तसंच केलं. पहिल्याच पायरीला कातडीच्या एकेका तुकड्यावर खूण लावून टाकली, नावं दिल्यासारखी. आपल्या घरची खोड. माझ्या ध्यानातबी आलं न्हाई. आन् शेवटी म्हणलं, बघा, प्रत्येकावर खूण हाय, म्हणून प्रत्येक निराळा. गेरू म्याच लावला होता. जन्माची खूण न्हवती ती."

"मग पुस की तो गेरू."

"पुसला. पुसल्यावर काहीच सिद्ध होत न्हाई. कृष्णविवरं निराळी असतीलबी, पण म्या ते दाखवलेलं न्हाई." तिचा आवाज थकलेला होता, तरी त्यात रडं नव्हतं. "चूक मलाच सापडली. मॅडमला सांगितलं तर म्हणाल्या, कारण लिहून मागं घेऊ. वाईट वाटलं आबा, पण काल झोप लागली."

लेकीला झोप लागली आणि बापाची उडाली. तिच्या बोलण्यातला एकच शब्द संपतरावांच्या कानात राहिला, चूक. त्यांच्या डोळ्यांपुढं फ्लेक्स उभा राहिला. बाकड्यावर सरकलेले बागाईतदार परत जागेवर बसताना दिसले. "काळजी नको करू," एवढंच ते म्हणाले. म्हणाले लेकीला, पण सांगत होते स्वतःला.

दोन दिवस ते फाट्याकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले, ते खरं सांगायचं ठरवूनच गेले होते. हे त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवतो, कारण पुढं त्यांच्या बाजूनं नोंदवण्याजोगं फार नाही.

हरिचंदनं चहा पुढं केला. "रागिणीताईचं आता पुढं काय? पेपरवाला इचारून राहिला."

"ते जरा मागं घेतलं," संपतराव बशीत बघत म्हणाले.

"मागं? काहून?"

इथं एक शब्द बोलायचा होता. तो घशापर्यंत आला, आणि तेवढ्यात बाकड्यावरची सगळी तोंडं त्यांच्याकडं वळली. बागाईतदार बघत होते. ड्रायव्हर बघत होते. वरून फ्लेक्सवरचे संपतरावही बघत होते.

"मॅडमनं दाबलं असंल," हरिचंदच म्हणाला. "मोठ्या लोकांचं असंच असतंय. पोरीची मेहनत, आन् नाव आपलं. सोताच्या नावावर करून घेणार असंल ती बाई. व्हय ना?"

संपतरावांनी मान हलवली. फार नाही, मेंढरू माशी झटकताना हलवतं तेवढीच. पण हरिचंदला तेवढी पुरली.

खोटं बोलायला जीभ लागते असं नाही. मान पुरते. आणि एकदा मान हलली की जीभ मागं राहत नाही. पुढच्या अर्ध्या तासात संपतरावांच्या तोंडून "आता काय सांगावं", "लेकराच्या शिक्षणाचा प्रश्न हाय, बोलता येत न्हाई", "देव बघतोय" अशी वाक्यं निघाली. एकाही वाक्यात मॅडमला चोर म्हटलेलं नव्हतं आणि एकाही वाक्याचा दुसरा अर्थ होत नव्हता. बागाईतदारांनी हळहळून आणखी एक चहा सांगितला. संपतराव तो प्यायले.

ते घरी पोचायच्या आधी गोष्ट घरी पोचली होती. त्यांची बायको पंचफुलाबाई गिरणीतून दळण घेऊन आली होती, आणि गिरणीत फक्त ज्वारी दळली जात नाही.

"आवो, त्या मॅडमनं आपल्या रागिणीचं चोरलं म्हणतेत, खरं हाय?"

पंचफुलाबाई कमी बोलणारी बाई. विचारलेल्या गोष्टीचं खरं उत्तर मिळेल, असं ती अजून धरून चालते. संपतरावांची विधवा बहीण सखुबाई याच घरात राहते. तिला पंचफुलाबाई रोज सकाळी आपल्या हातानं कुंकू लावते, सणाला तिची ओटी भरते. पहिल्यांदा लावलं तेव्हा भावकी अंगावर आली होती. "माझ्या घरात कोण सवाष्ण ते म्या ठरवीन," एवढं बोलून तिनं दार लावून घेतलं होतं. अशा बाईशी खोटं बोलणं सोपं नाही. पण फाट्यावर एक आणि घरात दुसरं कसं सांगणार?

"व्हय," संपतराव म्हणाले, आणि मेंढरांना पाणी पाजायला निघून गेले. वाटेत त्यांनी स्वतःशी कबूल केलं की हे वाईट झालं. उद्या सांगू म्हणाले. उद्याचा परवा झाला. पंचफुलाबाईनं लेकीला फोनवर काही विचारलं नाही. पोरीच्या जखमेवर मीठ कशाला, असं तिला वाटलं. ज्या मायेनं ती गप्प राहिली, तिच्याच आडोशाला संपतरावांचं खोटं सुखानं नांदत राहिलं.

असे काही महिने गेले आणि रागिणीचा फोन आला. औंढ्याकडं वेधशाळेचं काम चाललंय, ती जागा बघायला मॅडम येणार आहेत, त्यांना आपल्या घरी जेवायला घेऊन येते. "मॅडम सगळं खातेत. आन् आबा, त्यांना तुमाला भेटायचंच हाय, लई दिवसांपास्नं म्हणून राहिल्या."

"ये की," संपतराव म्हणाले. "पण फाट्यावर थांबू नको. हरिचंदचा चहा आताशा कडू लागतो."

मग ते बायकोला म्हणाले, "बोकड कापायचा का?"

पंचफुलाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "चोराला बोकड?"

आता. हीच वेळ होती. घरात तिसरं कुणी नव्हतं. चार शब्द बोलले असते तर बायकोनं एक वेळचं बोलणं टाकलं असतं आणि विषय संपला असता. संपतराव उंबऱ्यावर बसले, पायातला काटा काढला, नसलेला दुसराही काढला, आणि म्हणाले, "बघ तुला कसं वाटतंय ते."

रीता मॅडम आल्या त्या साध्या सुती साडीत. वय पन्नाशीच्या पुढं, केस पिकलेले, कपाळ मोकळं, गळा मोकळा. आल्या आल्या त्यांनी संपतरावांना वाकून नमस्कार केला. "रागिणीला तुम्ही शिकवलंत त्यावर आमचं चाललंय," त्या म्हणाल्या. "वाघुरीची लांबी आणि आतली मेंढरं, हे मी आता वर्गात सांगते. तुमचं नाव घेऊन सांगते."

संपतरावांना वाटलं, धरणी दुभंगली तर बरं.

जेवायला पिठलं-भाकरी होती. रागिणीनं ताटाकडं बघितलं, मग आईकडं. मेंढरांच्या घरात पाहुण्याला पिठलं! मॅडमनी भाकरी मोडली आणि चवीनं खाल्ली, आणखी एक मागून घेतली. पंचफुलाबाईनं वाढली, पण वर बघितलं नाही. संपतराव मेंढरांकडं बघून येतो म्हणून दोनदा उठले, आणि मेंढरं दोन्ही वेळा होती तिथंच होती.

निघायची वेळ झाली. लेक घरातून निघताना कुंकू लावून ओटी भरायची, ही त्या घरची रीत. पंचफुलाबाईनं करंडा आणला. रागिणीला कुंकू लावलं, खण-नारळ आणि ओंजळभर तांदूळ तिच्या ओढणीत घातले. सखुबाई कपाळावरच्या सकाळच्या कुंकवासह दारात उभी होती. मॅडम रागिणीच्या शेजारी होत्या, हातभर अंतरावर. पंचफुलाबाईनं करंड्याचं झाकण लावलं.

मॅडम एक पाऊल मागं सरकल्या. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून सरकल्या, पुष्कळदा सरकलेलं माणूस सरकतं तशा. आणि कोकरांकडं बघू लागल्या.

रागिणीचा चेहरा उतरला. "माय," ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम राहिल्या."

पंचफुलाबाईनं झाकण घट्ट दाबलं.

"राहू दे गं रागिणी," मॅडमच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "त्यांचा रिवाज असेल. आमच्या ह्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, मला सवय आहे."

पंचफुलाबाईचा हात करंड्यावर तसाच राहिला. मॅडम विधवा असल्याचं मनातही न आणता तिनं हात आवरला होता, आणि आता ती विधवेला दूर ठेवणारी बाई ठरत होती. भावकीशी भांडून मिळवलेलं तिचं एवढं एकच मोठेपण होतं, ते तिच्याच अंगणात मातीत चाललं होतं. तिनं नवऱ्याकडं बघितलं. संपतराव स्वतःच्या पायांकडं बघत होते. तरी ती गप्प राहिली. नवऱ्यानं तिला जे बाहेर बोलू नको म्हणून सांगितलंही नव्हतं, ते तिनं त्याच्यासाठी आत ठेवलं.

पण रागिणीला राहवलं नाही. "तू? माय, तू? आत्याला रोज लावतीस ना कुंकू? साऱ्या गावाशी भांडून लावतीस. मग मॅडमला काहून न्हाई?"

"सखू चोर न्हाई," पंचफुलाबाई म्हणाली.

एक कोकरू बें करून ओरडलं.

"चोर?" मॅडमनी विचारलं. "मी काय चोरलं?"

"माझ्या लेकीचा शोध. तुमच्या नावावर केला म्हणून मागं घ्यायला लावला." पंचफुलाबाईनं करंडा छातीशी धरला. "तुमी कोण हाव ते म्या बघितलं न्हाई बाई. माझ्या लेकीचा घास कोण काढतंय तेवढं बघितलं."

रागिणी सावकाश बापाकडं वळली. "आबा? तुमाला तर म्या सांगितलं होतं."

माणूस बुडतानाही कुणाच्या तरी खांद्यावर पाय द्यायला बघतो. "फाट्यावरची लोकं काहीबाही बोलतेत," संपतराव पुटपुटले.

"लोकं?" पंचफुलाबाई म्हणाली. "म्या लोकांना न्हवतं इचारलं. तुमाला इचारलं. तुमी व्हय म्हणलात."

आता पळायला जागा उरली नाही. संपतरावांनी पागोटं काढून हातात घेतलं. तो दांडगा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक, जो निघाला तो सखुबाईलाही दारात नीट ऐकू आला नाही. "चूक निघाली म्हणायची मला लाज वाटली. हरिचंद म्हणला, मॅडमनं दाबलं. म्या मान हलवली."

"माझ्या चुकीची लाज वाटली तुमाला?" रागिणीनं विचारलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "आबा, ती चूक म्या सोता धरली होती. ती सांगायला म्या सगळ्यात आधी तुमाला फोन केला."

रीता मॅडम संपतरावांसमोर येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ती चूक मला दिसली नव्हती, संपतराव. माझं नाव होतं त्या निबंधावर, मी पुनःपुन्हा वाचला होता. हिनं लपवली असती तर कदाचित कधीच कुणाला कळली नसती. मी तर सगळ्यांना अभिमानानं सांगते." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. पुसायला त्यावर काही नव्हतं.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, हे संपतरावांना त्या अंगणात कळलं. लेकीनं लावलेला गेरू चुकून लागला होता, आणि दिसताच तिनं पुसला. त्यांनी जाणूनबुजून एका भल्या बाईच्या अंगावर पट्टा ओढला होता, आणि बघणाऱ्याला वाटत होतं, ही जन्माचीच खूण आहे.

पंचफुलाबाई घरात गेली. दिवाळीला आणलेला, स्वतःसाठी ठेवलेला खण घेऊन बाहेर आली. करंडा उघडून मॅडमपुढं उभी राहिली, पण हात पुढं होईना. "लावू का?" तिनं विचारलं. "मला लाज वाटून राहिली."

मॅडमनी मान खाली केली आणि पदर पुढं धरला. पंचफुलाबाईनं कुंकू लावलं, ओटी भरली, आणि मग कपाळ त्यांच्या खांद्याला टेकून रडली. दोघी तशाच उभ्या राहिल्या. संपतरावांना कुणी जवळ बोलावलं नाही आणि कुणी जा असंही म्हणालं नाही.

गाडीत बसताना रागिणी त्यांच्याशी एकच वाक्य बोलली. "फाट्यावर जाऊन खरं सांगा."

ते गेले, त्याच दिवशी गेले. बाकडी भरलेली होती. संपतराव बसले नाहीत, उभ्यानंच बोलले. मॅडमनं काही चोरलं नाही, पोरीची गणितात चूक झाली, तिनंच धरली, तिनंच मागं घेतलं, खोटं मी बोललो. सगळं सांगितलं, काही म्हणजे काही मागं ठेवलं नाही.

हरिचंदनं भट्टीवरून उतरून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मोठं मन हाय तुमचं, संपतराव."

"मन न्हाई रे, खरं सांगून राहिलो."

"समजतंय आमाला. लेकीला त्याच बाईच्या हाताखाली डिग्री घ्यायची हाय. आज ती येऊन गेली म्हणं तुमच्याकडं. दम दिला असंल." बाकड्यावरच्या माना डोलल्या. एक बागाईतदार डोळे पुसत म्हणाला, "बाप असावा तर असा. लेकरासाठी सोताला खोटारडा म्हणवून घेऊन राहिला." आणि त्यानं चहा सांगितला.

संपतरावांनी देवाची आण घेतली. तिच्यानं तर लोकांची खात्रीच पटली. ते जितकं खरं बोलत तितके मोठे होत गेले, आणि मॅडम तितक्या वाईट. पुढं आलेला चहा निवून साय धरेपर्यंत तिथंच राहिला. त्यांनी त्याला हात लावला नाही, आणि त्यानंतर कधी फाट्यावर फुकटचा चहा घेतला नाही. रागिणीचा फ्लेक्स मात्र त्यांनी उतरवू दिला नाही, फक्त कोपऱ्यातल्या आपल्या तोंडावर चुन्याचा हात मारला. लोकांनी त्याचाही अर्थ नम्रता असाच लावला.

रविवारचा फोन अजून येतो, पण पंचफुलाबाईच्या मोबाइलवर. रागिणी आता नवं काही करते आहे. कृष्णविवरं अगदी मंद धगीनं निवत निवत झिजतात, त्या धगीत आत गेलेल्याची काही खूण उरते का, असं काहीतरी. पंचफुलाबाई भाकरी थापता थापता "बरं, बरं" म्हणते. तिला त्यातलं काही कळत नाही. संपतराव उंबऱ्याबाहेर बसून ऐकतात. पुष्कळ प्रश्न सुचतात. एक तर असा सुचला होता की लेक खूश झाली असती, पण विचारायला तोंड उरलेलं नाही.

मागच्या रविवारी पंचफुलाबाईनं फोन त्यांच्या हातात दिला. "तुमाला मागती."

संपतरावांनी हात धोतराला पुसून फोन कानाला लावला.

"आबा, फाट्यावर सांगितलं का?"

"सांगितलं. कितींदा सांगितलं."

"मानलं का त्यांनी?"

"न्हाई."

संपतरावांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"मग परत सांगा," रागिणी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मेंढरं सखुबाईच्या हवाली करून संपतराव फाट्यावर गेले. हरिचंदनं त्यांना लांबूनच बघितलं आणि बाकड्यावरच्या नव्या गिऱ्हाईकाला अदबीनं म्हणाला, "सरका जरा. देवमाणूस येऊन राहिला."